परसात काहीच उगवलं नाही

माझ्या परसातली फुलं मी लावलेली नाहीत. असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाई विनयानं बोलतायत. विनय माझ्या स्वभावात नाही, आमच्या ह्यांना विचारा. पेणला हे घर बांधलं तेव्हा कॉसमॉस आणि फ्लॉक्सच्या बियांची एकेक चिमूट मागच्या दारी टाकली होती, तेवढीच. पुढे फुलं आपली आपण येऊ लागली. चैत्र सरता सरता झाडं वाळतात, बी मातीत पडतं, थोडं पावसात कुजतं, पुष्कळ उरतं. दिवाळीनंतर जमिनीतून बारीक हिरवी पिसं वर येतात आणि फाल्गुनात सगळं परस नारिंगी-गुलाबी होतं. आपण एकच करायचं, हात लावायचा नाही. वाळक्या काड्या उपटायच्या नाहीत, कुदळ मारायची नाही. वैशाखात आमचं परस बघितलं तर कोणालाही वाटेल की या घरात माणसं राहत नाहीत. वाटू दे.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. उत्तर बरोबर आलं म्हणून मी कधी गुण दिले नाहीत. ते कसं आलं ते आधी बघायचे. निवृत्त झाले म्हणून ही सवय काही सुटली नाही. "तुला पोलिसांत घ्यायला हवं होतं," असं हे म्हणतात. ह्यांचं नाव मोरोपंत, आणि नावाला शोभेल इतके ते निवांत आहेत.

गेल्या वर्षी वैशाखात आम्ही दोघं नाशिकला लेकीकडे, उर्वीकडे गेलो. घरी मुलगा विराज आणि सून समीक्षा. विराज डोलवीला कंपनीत शिफ्टमध्ये असतो. समीक्षा पेणलाच एका दवाखान्यात रक्त तपासते. ती रोह्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. विराजनं स्वतः पसंत केलेली. मी लग्नाला विरोध केला नाही, एवढं माझ्या नावावर जमा धरा. आनंद झाला होता असं मात्र मी कुठे म्हटलेलं नाही.

आम्ही परत आलो तेव्हा पाऊस लागून गेला होता. माती मला जरा काळपट वाटली, पण पावसात सगळीच माती काळी दिसते. दिवाळी झाली. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसायची आणि जमिनीकडे बघायची. काही येईना. मार्गशीर्ष लागला तरी काही नाही. पाण्याच्या टाकीमागे, भिंतीच्या अगदी कडेला, कॉसमॉसची चार रोपं तेवढी कशीबशी आली. बाकी सगळी जमीन उघडी. विशेष म्हणजे गवतही नव्हतं. आमच्याकडे पावसाळ्यानंतर गवत नाही म्हणजे काय? तेव्हाच माझ्या डोक्यात किडा वळवळला. कोणीतरी काहीतरी केलंय.

शेजारच्या इंदुबाई कपडे वाळत घालत होत्या. मी सहज बोलल्यासारखं बोलले, की यंदा फुलं रुसलीत. त्या म्हणाल्या, "रुसतील नाहीतर काय! तुम्ही नाशकाला होता तेव्हा तुमच्या मागच्या दारी केवढा धूर झाला होता. माझी वाळत घातलेली सगळी धुणी परत धुवावी लागली."

समीक्षा कणीक मळत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सरळ विचारलं, "आम्ही नव्हतो तेव्हा मागे काय जाळलंस?"

तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. "कचरा होता, आई. वाळलेला. मीच जाळला."

"फुलांच्या काड्या?"

"हो."

"त्यात बी असतं हे तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं माहीत. चुकलं माझं."

खोटं! आदल्याच फाल्गुनात तिनं मला विचारलं होतं, आई, ही फुलं कोण लावतं? आणि मी तिला पायरीवर बसवून सगळं समजावलं होतं, अगदी वाळकं बोंड तिच्या तळहातावर चोळून दाखवलं होतं. म्हणजे तिला माहीत होतं. शिवाय कचरा जाळणारा माणूस काय करतो? एका कोपऱ्यात ढीग करतो आणि काडी लावतो. इथे तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कुठेच काही उगवलं नव्हतं. सगळी जमीन सारखी जाळलेली, नीट, जीव लावून. हे कचऱ्याचं काम नव्हतं. उत्तर होतं, पण पद्धत तिची नव्हती. कॉपीच्या पेपरात अगदी असंच दिसतं.

मग जाळलं कशासाठी, याचा शोध मी सुरू केला. त्यासाठी फार लांब जावं लागलं नाही. विराजच्या डोक्यात जुनी चारचाकी घ्यायचं खूळ होतं. एकदा जेवताना मित्राशी फोनवर बोलत होता, "लावायला जागा आहेच की घरामागे." समीक्षा तेव्हा ताटात बघत जेवत होती. काही बोलली नाही. न बोलणाऱ्या माणसांचं मला नेहमीच जास्त भय वाटतं. फुलं आहेत तोवर आई जागा देणार नाही, फुलंच नसली तर म्हातारीपाशी बोलायला काय उरतं? हिशेब चोख होता. मला तर तिचं जवळजवळ कौतुकच वाटलं.

ह्यांना सांगितलं तर हे हसले. "अगं, ती सांगतेय ना जाळलं म्हणून. पोटात घाल नि सोड."

"जाळलं ते पोटात घालीन. का जाळलं ते लपवतेय, ते कसं घालू?"

"तुझं पोट लहान आहे," असं म्हणून ते पेपरात शिरले.

त्या दिवसापासून मी परसदाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या कमरेला. समीक्षाला कपडे वाळत घालायला बादली घेऊन सगळ्या घराला वळसा घालून जावं लागे. गेली. तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं. ती टाकीमागच्या चार रोपांपाशी वाकली की मी खिडकीत येऊन उभी राहायची. एकदा ती त्यांना पाणी घालताना दिसली, तर मी पाण्याचा वास घेऊन बघितला. नंतर जाऊन बोटानं माती चाखलीसुद्धा. काही नव्हतं त्यात. म्हणून माझा संशय कमी झाला म्हणाल तर नाही, वाढला. इतकी सावध आहे म्हणजे काय!

बोलणंही मी सोडलं नाही. माझी जीभ आहेच तशी. कोणी आलं की म्हणायची, "आमच्याकडे हल्ली फुलं जाळायची पद्धत आलीय." एकदा तिच्यासमोरच म्हणाले, "ज्यांच्या घरी हिरवं दिसलं की गुरापुढे टाकायचं एवढंच ठाऊक, त्यांना फुलांचं काय?" ती स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. विराज घरी होता, त्यानं ऐकलं.

"आई, आम्ही डोलवीला खोली बघतो," तो म्हणाला. "मला शिफ्टला जवळ पडेल."

शिफ्टचं कारण मला सांगतोय! मी म्हटलं, "बघा की." आत जाऊन मी पलंगावर बसले. आधी फुलं गेली, आता मुलगा. ही मुलगी एकेक करून माझं सगळं नेणार, आणि तोंडातून शब्द न काढता नेणार. मला तिची भीती वाटू लागली होती, हे खरं आहे.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू तोंडावर आलं. दर वर्षी गौरीची आरास माझ्या परसातल्या फुलांची असे. बायका डाळ-पन्ह्यासाठी येतात असं म्हणतात, पण आमच्या आळीतल्या बायका फुलं बघायला येत. यंदा बाजारातून झेंडू आणला. प्रत्येक जण विचारायची, फुलं कुठायत? मी प्रत्येकीला सुनेकडे बोट दाखवलं. समीक्षा हसून सगळ्यांना पन्हं देत होती. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी तिथेच ठरवलं, आता ही गोष्ट हिच्या आईबापांच्या कानावर घालायची. मुलगी अशी वागते, तुम्ही तिला विचारा, आणि नाहीतर तुमच्याकडे घेऊन जा. हे एकदा बोललं की मागे घेता येत नाही, ते मला कळत होतं. कळूनच निघाले होते.

"रविवारी रोह्याला जाऊन येऊ," मी तिला म्हटलं. "तुझ्या आईवडिलांना भेटून बरेच दिवस झाले."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी कशाला चाललेय ते तिच्या ध्यानात आलं असावं. "मी एकटी जाऊन येते ना, आई," ती म्हणाली. अर्थातच. एकटी गेली म्हणजे आधी आपली बाजू मांडता येते. मी म्हटलं, "दोघी जाऊ."

रोह्याला उतरून कोलाडच्या रस्त्यानं रिक्षा केली. दोन्ही बाजूंच्या शेतांतून ठिकठिकाणी निळसर धूर वर जात होता.

समीक्षाचं माहेर म्हणजे रस्त्यापासून जरा आत कौलारू घर आणि घराला लागून भाताची खाचरं. तिचे वडील हैबतराव खाचरातच होते. आम्हाला बघून हात झटकत, धोतराला पुसत पळत आले. "या, या, विहीणबाय! आज वाट चुकलात जनू!" तिची आई हौसाबाई बाहेर आल्या. त्यांनी लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वाळलीस गो." मग माझ्याकडे बघितलं. मी नजर दुसरीकडे वळवली.

ओटीवर बसले. समीक्षा चहा करायला आत गेली. मला हीच वेळ बरी वाटली. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "हैबतराव, मी आज मुद्दाम आलेय. गेल्या वैशाखात आम्ही घरी नसताना आमच्या मागच्या परसात–"

"भाजलं!" हैबतरावांनी मांडीवर थाप मारली. त्यांचं तोंड फुलून आलं. "ते बोला की! कसं झालं? मी पोरीला दोनदा फोनवर इचारलं, ती म्हनते बेस झालं. पन पोरींचं काय खरं नाय, बापाला बरं वाटावं म्हनून बोलतात. तुमी सांगा."

"तुम्ही?" मी म्हटलं.

"मग कोन? वालाचं पोतं घेऊन आलतो तुमच्याकडं. घरात कोन नाय. मागं जाऊन बघतो तर गुडघाभर वाळकं रान. मनात म्हटलं, मोरोपंतांची कंबर धरलेली, विराजराव शिफ्टला, पोर कामावर, कोन बघनार हो जमिनीकडं? पुढल्या खेपेला टेम्पोत शेन, फांद्या, पातेरा, सगळं भरूनच आनलं. पोर कामाला गेली नि लागलो. सांजच्याला ती येते तवर सगळं भाजून गार!"

समोरच्या खाचरात तेच अर्धवट राहिलेलं दिसत होतं. खाली शेणाचा थर, त्यावर तोडलेल्या फांद्या, वर पालापाचोळा, सगळ्यावर मातीचा पातळ हात. याला राब म्हणतात. तो वाऱ्याच्या बाजूनं पेटवायचा आणि हळूहळू भाजू द्यायचा, म्हणजे जमिनीतलं तणाचं बी मरतं आणि त्यात पेरलेली भाताची रोपं जोमानं येतात. एवढं मलाही ठाऊक होतं. पेणच्या आजूबाजूला दर उन्हाळ्यात तेच करतात. वाटेत बघितलेला धूर त्याचाच होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, नीट, जीव लावून. पद्धत कोणाची होती ते माझ्यासमोर बसलं होतं.

"दुसऱ्याचा राब मी कदी भाजत नाय," हैबतराव सांगत होते. "पैसं दिलं तरी नाय. पन लेकीच्या घरची जमीन म्हटल्यावर... भाजी लावाल, वांगी लावाल, म्हटलं म्हाताऱ्या मानसांना घरचं खायला मिळंल."

समीक्षा दारात उभी होती. हातात चहाचं ताट. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती माझ्याकडे बघत होती, बापाकडे नाही. आता मला सगळं दिसलं. लग्नानंतर हैबतराव पहिल्यांदा आमच्याकडे आले होते, थेट शेतावरून, तेव्हा ते बसायच्या आधी मी सोफ्यावर जुनी चादर टाकली होती. कोणीही टाकली असती. समीक्षा तेव्हाही अशीच दारात उभी होती. माझ्या तोंडी आपल्या बापाचं नाव पडू नये म्हणून तिनं सगळं स्वतःवर घेतलं होतं. मी तिला चोर ठरवून कुलूप घातलं होतं आणि ती चोराला नव्हे, बापाला झाकत होती.

"तण आलं नाय ना?" हैबतरावांनी विचारलं.

"एक काडी नाही," मी म्हटलं.

"ऐकलंस काय गो हौसे!" ते ओरडले. पेपरात पैकीच्या पैकी मिळालेल्या मुलाचं तोंड मी हजारदा बघितलंय, पण इतकं आनंदी नाही. "मग यंदा पन येतो. तुमच्यासाठी शेन बाजूला काढूनच ठेवलंय. पुढल्या आठवड्यात येऊन भाजून टाकतो सगळं, कोपरा न कोपरा."

टाकीमागच्या चार रोपांची बोंडं नुकतीच वाळायला लागली होती. जे काही बी उरलं होतं ते तेवढंच. मला ते स्पष्ट दिसलं, आणि या माणसाचं तोंडही दिसलं. मी म्हटलं, "या. जरूर या."

"नको, बाबा," समीक्षा म्हणाली.

तिनं ताट खाली ठेवलं. आवाज बारीक होता, पण थांबली नाही. "तिथं आईंची फुलं असतात. लावावी लागत नाय, आपली आपण येतात. बी पडलेलं होतं मातीत. ते भाजलं. आता भिंतीकडं चार झाडं राहिलीत, ती पन जातील."

हैबतराव तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. "म्हंजी मी फुलं जाळली तुमची?"

"बी जाळलं," मी म्हणाले. मास्तरीण कुठली गप्प बसायला.

ते पायरीवर बसले. मगाशी लहान मुलासारखा दिसणारा माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. मला वाटलं, आता ही रडेल, ते रडतील, आणि मी रिक्षा शोधत पळेन. पण हैबतराव दोन्ही हात जोडून माझ्याकडे वळले.

"विहीणबाय, येवडं नुकसान झालं नि तुमी मला बेस झालं म्हनून सांगता? वर यंदा पन या म्हनता? मला वाईट वाटू नये म्हनून?" त्यांचा आवाज भरला. "दुसरी कोन असती तर आमच्या पोरीला वर्सभर सुखानं जेवू दिलं नसतं. टोचून टोचून खाल्ली असती. तुमी एक शब्द बोल्ला नसाल तिला."

मी तोंड उघडलं. खरं बोलायचं म्हणूनच उघडलं, शपथेवर सांगते. पण समीक्षानं माझ्याकडे बघून इतकीशी मान हलवली, नको म्हणून, आणि बापाशेजारी पायरीवर बसली.

"नाय, बाबा," ती म्हणाली. "आईंनी मला एका शब्दानं दुखवलं नाय."

आमच्या घरी ती नेहमी 'नाही' म्हणते. इथे तिचं 'नाय' इतकं सहज आलं की कोणालाही खरं वाटावं. हैबतरावांना वाटलंच. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "देव मानूस हाय गो तुजी सासू." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. समीक्षानं चहाचा कप उचलून माझ्या हातात दिला.

हौसाबाई मात्र खांबाला टेकून लेकीच्या तोंडाकडे बघत होत्या, उतरलेल्या गालांकडे, मनगटात सैल झालेल्या बांगडीकडे. मग त्यांनी सावकाश माझ्याकडे बघितलं आणि नजर काढली नाही. ती नजर मी ओळखली. गेले कित्येक महिने तीच घेऊन मी माझ्या घरात फिरत होते. फरक एवढाच होता की त्यांचा संशय खरा होता.